कर भरतो कोण? – प्राध्यापक सेलिग्मन यांची कारकीर्द

लंडनच्या पी. एस. किंग अँड सन ह्या प्रकाशनसंस्थेने १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय असा की, सरकारी हिशेबखात्यात हयात घालविलेल्या माणसानेही तो हाती घेताना क्षणभर विचार करावा. ग्रंथाचे लेखक भीमराव रामजी आंबेडकर. अर्पणपत्रिका बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना. कारण त्यांच्याच शिष्यवृत्तीवर लेखकाचे अमेरिकेतील शिक्षण झाले होते. प्रस्तावना मात्र न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एडविन रॉबर्ट अँडरसन सेलिग्मन यांची होती. ह्या तीन नावांपैकी पहिली दोन मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाहीत. तिसरे नाव बाबासाहेबांच्या चरित्रांत एखाद्या ओळीपुरते येते आणि वाचक पुढचे पान उलटतो. त्या एका ओळीमागे कोणता माणूस होता, त्याने जन्मभर काय शिकविले आणि त्यातले काय आपल्या देशात आले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा सेलिग्मन यांच्याशी, नकळत का होईना, दरमहा संबंध येतो. पगार हाती पडण्यापूर्वीच त्यातून प्राप्तिकर कापून घेतलेला असतो, आणि फेब्रुवारी महिना आला की कचेरीतील निम्मे टेबल त्याच एका विषयावर बोलत असते. उत्पन्न जिथे उगम पावते तिथेच कर कापून घ्यावा, ही पद्धत इंग्लंडची. अमेरिकेने ती उचलावी असा आग्रह ज्यांनी शास्त्रीय विवेचनासह धरला, त्यांत सेलिग्मन अग्रभागी होते.

त्यांचा जन्म २५ एप्रिल १८६१ चा, न्यूयॉर्कचा. वडील जोसेफ सेलिग्मन हे बव्हेरियातील बायर्सडॉर्फ ह्या लहानशा गावचे ज्यू. १८३७ साली अमेरिकेत आले तेव्हा खांद्यावर गाठोडे टाकून दारोदार माल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे भावांसह मोठी पेढी उभारली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडील सरकारचे कर्जरोखे युरोपात खपविण्याचे काम त्यांनी केले. नव्या देशावरील निष्ठा त्यांनी मुलांच्या नावांतही ओतली होती. एका मुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन, दुसऱ्याचे आल्फ्रेड लिंकन, आणि आपल्या ह्या प्राध्यापकांना मिळाले ते मेजर रॉबर्ट अँडरसन यांचे नाव. ज्या सम्टर किल्ल्यावर यादवीची पहिली तोफ डागली गेली, त्याचे रक्षण करणारे हे सेनाधिकारी. आणि ती तोफ डागली गेली तो महिनाही १८६१ चा एप्रिलच.

एवढी निष्ठा, एवढी संपत्ती. तरीही १८७७ च्या उन्हाळ्यात साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिग्मन यांना कुटुंबासह प्रवेश नाकारला. कारण एकच, ते ज्यू होते. हॉटेलची व्यवस्था पाहणारे हेन्री हिल्टन यांनी हे उघडपणे केले आणि वृत्तपत्रांतून त्याचे समर्थनही केले. प्रकरण देशभर गाजले. एडविन तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि कोलंबियात शिकत होते. पुढे १८८५ साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ही अर्थशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत सेलिग्मन होते. आणि ती स्थापना झाली ती ह्याच साराटोगा गावी. हा योगायोगच. त्यातून अर्थ काढण्याचा मोह मी आवरतो. पण नोंद केल्यावाचून राहवत नाही.

पेढीवर बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. १८७९ साली, अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले आणि युरोपात गेले. बर्लिन, हायडेलबर्ग, जिनीव्हा, पॅरिस अशी तीन वर्षे त्यांनी घालविली. त्या काळी जर्मनीत अर्थशास्त्राचा ऐतिहासिक पंथ जोरात होता. एखादा आर्थिक सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखाच लागू पडतो, हे त्या पंथाला मान्य नव्हते. आधी त्या देशाचा इतिहास पाहा, कागदपत्रे पाहा, मग बोला, अशी त्याची शिकवण. परत आल्यावर सेलिग्मन यांनी १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि त्याच वर्षी कोलंबियात व्याख्याते म्हणून रुजू झाले. १८९१ साली ते राजकीय अर्थशास्त्र व राजस्व ह्या विषयांचे प्राध्यापक झाले. १९०४ पासून १९३१ मधील निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे मॅकव्हिकर अध्यासन होते. एकाच विद्यापीठात शेहेचाळीस वर्षे! बदलीच्या हुकुमाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचा हेवा वाटल्यास नवल नाही.

ह्या शेहेचाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यांतील तीन-चार ग्रंथांचाच विचार येथे करतो, कारण त्यांच्या अध्यापनाचा गाभा त्यांत आहे.

पहिला ग्रंथ १८९२ चा. विषय करसंक्रमण आणि करभार. कायदा ज्याच्याकडून कर वसूल करतो, तो माणूस आणि ज्याच्या खिशातून तो अखेरीस जातो तो माणूस हे दोघे एकच असतील असे नाही, हे ह्या ग्रंथाचे सूत्र. घरमालकावर कर बसविला. त्याने भाडे वाढविले. कर भाडेकरूने भरला. पण भाडेकरू गाव सोडून जाऊ लागले, घरे रिकामी राहू लागली, तर मालकाला भाडे वाढविता येत नाही आणि भार त्याच्याच माथी राहतो. मिठावर कर बसविला, व्यापाऱ्याने तो सरकारजमा केला, आणि किंमत वाढवून गिऱ्हाइकाकडून परत घेतला. कर कुठे ढकलला जातो, किती ढकलला जातो, कोणत्या परिस्थितीत ढकलला जात नाही, हे प्रत्येक कराच्या बाबतीत वेगवेगळे तपासले पाहिजे, असे सेलिग्मन म्हणत. प्रत्येक कर अखेरीस जमिनीवरच येऊन पडतो, किंवा सर्व कर समाजात आपोआप समप्रमाणात पसरतात, असली सरसकट विधाने त्यांच्या पूर्वसूरींनी केली होती. ती त्यांनी एकेक घेऊन तपासली आणि बाजूला ठेवली.

दुसरा ग्रंथ १८९४ चा, वर्धमान करांविषयी. म्हणजे उत्पन्न वाढेल तसा कराचा दरही वाढावा की नाही ह्याविषयी. त्या काळी एक जुना विचार प्रबळ होता: नागरिक सरकारकडून जेवढे संरक्षण, जेवढा लाभ घेतो, तेवढी किंमत म्हणजे कर. सेलिग्मन यांना हा दुकानदारी हिशेब मान्य नव्हता. माणूस राज्याला कर देतो तो राज्याचा घटक म्हणून, आणि तो त्याने आपल्या कुवतीप्रमाणे द्यावा. ही कुवतीची कल्पना त्यांच्या आधीही अनेकांनी मांडली होती. सेलिग्मन यांनी तिला इतिहासाचे पाठबळ दिले आणि अमेरिकेच्या कायदेमंडळांना समजेल अशा भाषेत ती आणली. मात्र ते सावध होते, कधीकधी अतिसावध. वर्धमान कर तत्त्वतः न्याय्य आहे असे सांगून, व्यवहारात तो कुठे लावणे कठीण जाईल ह्याची यादी ते लगेच पुढे ठेवीत. पेढीवाल्याच्या घरात वाढल्याचा हा परिणाम, असे त्यांचे टीकाकार म्हणू शकतील. मला तो जर्मन शिक्षणाचा परिणाम अधिक वाटतो.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९४ चा प्राप्तिकर घटनाबाह्य ठरविला. पाच न्यायाधीश एका बाजूला, चार दुसऱ्या. चार हजार डॉलरांवरील उत्पन्नावर दोन टक्के, एवढाच तो कर होता. कराचे कोणते स्वरूप 'प्रत्यक्ष' आणि कोणते 'अप्रत्यक्ष', ह्या शब्दार्थावर तो निकाल उभा होता. सेलिग्मन यांनी पुढील दीड तप ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिकेतील वेगवेगळी राज्ये यांच्या प्राप्तिकराचा इतिहास, त्याची अंमलबजावणी, पळवाटा, यशापयश ह्यांचा सातशे पानांचा आढावा घेणारा त्यांचा ग्रंथ १९११ साली बाहेर पडला. प्राप्तिकर ही परकीय हुकूमशाहीची कल्पना आहे, अमेरिकन माणूस सरकारी अधिकाऱ्याला आपल्या जमाखर्चात डोकावू देणार नाही, अशी भीती घालणाऱ्यांना हे उत्तर होते. ३ फेब्रुवारी १९१३ रोजी सोळावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तीन हजार डॉलरांवरील उत्पन्नावर एक टक्का, व मोठ्या उत्पन्नांवर त्याशिवाय चढता अधिभार, असा प्राप्तिकराचा कायदा झाला. उगमाशी कापणीची तरतूदही त्यात होती; पण ती तिथे फार वर्षे टिकली नाही, आणि पगारातून कापणी अमेरिकेत कायमची रुजली ती दुसऱ्या महायुद्धात.

नेमक्या ह्याच वर्षी, १९१३ च्या जुलैत, बडोदे सरकारचा बावीस वर्षांचा एक शिष्यवृत्तिधारक न्यूयॉर्कला उतरला.

आंबेडकरांनी कोलंबियात जे विषय घेतले त्यांची मोजदाद अभ्यासकांनी केली आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस पाठ्यक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, आणि शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र व भाषा. ही यादी पाहिली की, त्यांना मुळात कायदेपंडित किंवा समाजसुधारक म्हणूनच ओळखण्याची आपली सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. त्या तरुणाने आपला वेळ सर्वांत अधिक अर्थशास्त्राला दिला होता, आणि राजस्व शिकविणारे प्राध्यापक तेव्हा आपल्या कीर्तीच्या शिखरावर होते. ज्या कराचा इतिहास ते वर्गात सांगत, तो कर बाहेर वॉशिंग्टनमध्ये त्याच महिन्यांत कायदा बनत होता. राजस्वाचा विद्यार्थी म्हणून याहून अधिक भाग्याचे वर्ष निवडता आले नसते.

१९१५ साली आंबेडकरांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व अर्थव्यवहार ह्या विषयावर निबंध सादर केला. नंतर डॉक्टरेटचे काम हाती घेतले, आणि १९१६ साली ते लंडनला निघाले. सेलिग्मन यांनी लंडनमधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना ह्या विद्यार्थ्याविषयी शिफारसपत्र दिले. हे फॉक्सवेलही अर्थशास्त्रातील जुन्या ग्रंथांचे नादिष्ट संग्राहक. सेलिग्मन यांचा स्वतःचा संग्रह पुढे सुमारे पन्नास हजार ग्रंथांचा झाला आणि १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने तो विकत घेतला. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शिष्यवृत्तीचे पैसे पोटाला चिमटा घेऊन वाचविणाऱ्या आणि हजारांनी ग्रंथ जमविणाऱ्या विद्यार्थ्याला ह्या मंडळींत परके वाटले नसावे.

त्यानंतरची हकिकत आपणांस ठाऊक आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपून १९१७ साली परतावे लागले. सामान ज्या बोटीने पाठविले ती पाणतीराने बुडाली, आणि प्रबंधाचे हस्तलिखितही त्यात गेले. १९२२ च्या फेब्रुवारीत लंडनहून सेलिग्मन यांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी हा वृत्तान्त कळविला आहे. पाच वर्षांनंतर, पुन्हा सर्व जुळवीत असताना, त्यांना जुन्या गुरूला लिहावेसे वाटले हे लक्षात घेण्याजोगे आहे. मधल्या काळात ते स्वतःही प्राध्यापक झाले होते. १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी राजकीय अर्थशास्त्र शिकविले. वर्ग भरगच्च असे, बाहेरचे विद्यार्थीही येऊन बसत. आणि प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकार सांगतात. साराटोगाच्या हॉटेलची गोष्ट इथे आठवते. पण दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पेढीवाल्या सेलिग्मन यांना दुसऱ्या हॉटेलात जाता आले. तशी दुसरी जागा इथे नव्हती. त्याच वर्षांत बडोद्यात अधिकारपदावर असलेल्या माणसालाही राहायला खोली मिळाली नव्हती.

आता त्या १९२५ च्या ग्रंथाकडे वळू. १८३३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानची सारी तिजोरी कलकत्त्याच्या सरकारच्या हाती आली. प्रांतांनी खर्च करावा आणि पैसा मध्यवर्ती सरकारने पुरवावा, अशी ती व्यवस्था. ज्याला पैसा उभा करावा लागत नाही तो काटकसर करीत नाही, आणि ज्याला खर्चाची गरज जवळून दिसत नाही त्याला ती पारखता येत नाही. परिणाम, दोन्ही बाजूंनी ओढाताण. १४ डिसेंबर १८७० च्या लॉर्ड मेयो यांच्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकी, रस्ते वगैरे खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपविली गेली. पुढे १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या, आणि १८८२ पासून काही बाबी वाटून घेण्याची पद्धत सुरू झाली. आंबेडकरांनी ही तीन टप्प्यांची विभागणी करून त्यांतील आकडेवारी सरकारी अंदाजपत्रकांतून एकेक जुळविली.

ह्या आकड्यांतून त्यांनी जे दाखविले ते त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांच्या समजुतीविरुद्ध होते. प्रांतांना स्वतःची अंदाजपत्रके आहेत, स्वतःचे उत्पन्न आहे, म्हणून त्यांना आर्थिक स्वातंत्र्य आहे असे मानले जाई. आंबेडकर म्हणतात, हे दिसते तसे नाही. कायद्याने सारा महसूल एकच आहे. शिल्लकही मध्यवर्ती सरकारच्या खजिन्यात आहे. कर बसविण्याचा, कर्ज काढण्याचा अधिकार प्रांतांना नाही. नाव प्रांताचे, मालकी दुसऱ्याची. ज्यांनी आकस्मिक खर्चाचे बिल 'अनुदान मंजूर आहे, खर्चास मान्यता नाही' ह्या शेऱ्यासह परत आलेले पाहिले आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या मते ह्या ग्रंथात सेलिग्मन यांचा विद्यार्थी ओळखू येतो तो इथे. करसंक्रमणाच्या ग्रंथातील प्रश्न होता, कायद्यात ज्याचे नाव आहे त्याच्या मागे खरा भार वाहणारा कोण? शिष्याने तो प्रश्न करावरून उचलून राज्यव्यवस्थेला लावला: हिशेबात ज्याचे नाव आहे त्याच्या मागे खरा अधिकार कोणाचा? नावापाशी थांबायचे नाही ही दृष्टी तीच. आणि कराच्या बाबतीतही ते थांबले नाहीत. १८५७ पूर्वीच्या साम्राज्यव्यवस्थेची तिजोरी का कोसळली ह्याचे कारण सांगताना, जमीनमहसूल आणि मीठ यांसारख्या करांनी गोरगरिबांवर आणि उद्योगावर कसा ताण आणला, आणि त्यातून आलेला पैसा अनुत्पादक खर्चात कसा गेला, हे त्यांनी स्पष्ट मांडले आहे.

सेलिग्मन यांनी प्रस्तावनेत ग्रंथाची स्तुती केली ती शिष्टाचाराची नाही. केंद्र आणि घटक यांच्या आर्थिक संबंधांचा प्रश्न सर्वच देशांत पुढे आला आहे, आणि त्यामागील तत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात दुसरा नाही, असा त्यांचा अभिप्राय. ते स्वतः अमेरिकेत राज्ये आणि संघसरकार यांच्यात उत्पन्नाच्या बाबी कशा वाटाव्यात ह्यावर लिहीत आले होते, म्हणून ह्या अभिप्रायाला वजन आहे. तुलनेसाठी सांगतो: आंबेडकरांच्या रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथाला लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी आपले मतभेद मोकळेपणाने नोंदविले आहेत. दोन एडविन, दोन स्वभाव. छापील प्रती सादर झाल्यावर कोलंबियाने १९२७ मध्ये आंबेडकरांना रीतसर पीएच.डी. दिली.

ह्याच १९२७ च्या २४ फेब्रुवारीस मुंबई कायदे कौन्सिलात आंबेडकरांचे अंदाजपत्रकावर भाषण झाले. त्याचा आशय असा: ज्याला त्या वर्षी उत्पन्नच झाले नाही त्याला प्राप्तिकर द्यावा लागत नाही, शेतसारा मात्र पीक येवो वा बुडो, द्यावाच लागतो. प्राप्तिकर कुवतीच्या तत्त्वावर बसतो. साऱ्याच्या बाबतीत एक एकराचा धनी आणि जहागीरदार यांना दर सारखाच. न्यूयॉर्कच्या वर्गातील कुवतीचे तत्त्व कोकण-देशावरील कुणब्याच्या दारी असे येऊन पोहोचले. येथे गुरूपेक्षा शिष्य पुढे गेला असे मी म्हणेन. सेलिग्मन यांनी कुवतीचे तत्त्व मांडताना डोळ्यांपुढे ठेवला होता तो अमेरिकेतील मिळकतदार; ज्याच्याजवळ एक एकर आणि सावकाराचे कर्ज एवढीच मिळकत आहे, त्याच्यापाशी ते तत्त्व नेऊन उभे करण्याचे काम त्यांच्या हातून झाले नसते.

सेलिग्मन यांच्या कारकिर्दीत सारेच उजळ आहे असे नाही. १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने एडवर्ड रॉस ह्या प्राध्यापकांना त्यांच्या मतांपायी काढले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांच्या चौकशी समितीचे नेतृत्व सेलिग्मन यांनी केले. १९१५ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली, आणि अध्यापनस्वातंत्र्याचा तिचा प्रसिद्ध जाहीरनामा ज्या समितीने तयार केला तिचे अध्यक्ष सेलिग्मनच. पण दोनच वर्षांनी, महायुद्धाच्या ज्वरात, कोलंबियानेच कॅटेल आणि डाना ह्या दोन प्राध्यापकांना बडतर्फ केले, आणि चार्ल्स बिअर्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. त्या वेळी प्राध्यापकांच्या नऊ जणांच्या समितीचे प्रमुख सेलिग्मन होते. त्यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. पण कॅटेल यांच्या तिखट स्वभावाने ते दुखावले, आणि अखेर जाहीरनामा लिहिणारा माणूस व्यवस्थेविरुद्ध ठामपणे उभा राहिला नाही. दुसऱ्याच्या विद्यापीठातील अन्यायाची चौकशी करणे आणि आपल्याच कचेरीतील वरिष्ठांना अडविणे ह्यांतील अंतर नोकरी करणाऱ्यांना ठाऊक असते. १९२७ मध्ये हप्तेबंदीच्या विक्रीवर त्यांनी दोन खंड लिहिले, तेही जनरल मोटर्सच्या मंडळींच्या सांगण्यावरून. आणि निष्कर्ष हप्तेबंदीला अनुकूल निघाला. अभ्यास कसोशीचा होता हे खरे, परंतु 'भार कोणावर?' हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्याच्या बाबतीत वाचकाने तोच प्रश्न उलट विचारला तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र ह्याच काळातील एक काम फार दूरवर गेले. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर बसविला तर काय, ह्या प्रश्नावर राष्ट्रसंघाने चार अर्थशास्त्रज्ञांकडून अहवाल मागविला: हॉलंडचे ब्रुइन्स, इटलीचे आयनाउदी, इंग्लंडचे सर जोसाया स्टॅम्प आणि अमेरिकेचे सेलिग्मन. १९२३ चा हा अहवाल. उत्पन्न करणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे ह्यापेक्षा त्याचे आर्थिक नाते कोणत्या देशाशी किती आहे हे पाहावे, ही त्यातील विचारसरणी. देशोदेशींच्या दुहेरी करटाळणीच्या करारांची वंशावळ मागे नेत गेले की ह्या अहवालापाशी येऊन पोहोचावे लागते.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी समाजशास्त्रांच्या विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व घेतले. १९३० ते १९३५ ह्या काळात त्याचे पंधरा खंड निघाले. १९३९ च्या जुलैत सेलिग्मन वारले. आपल्या आयुष्यातील उत्तम मित्र म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन व रॉबिन्सन हे थोर प्राध्यापक, असे आंबेडकरांनी १९३० साली म्हटले होते. शिष्य मसुदा समितीचा अध्यक्ष झाल्याचे पाहायला मात्र गुरू राहिले नाहीत.

भारतीय राज्यघटनेच्या कलम २८० ने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याचे बंधन घातले. हे कलम सेलिग्मन यांच्या वर्गातून थेट आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांचा अनुभव होता, मेस्टन यांच्या तोडग्याने प्रांतांवर लादलेल्या ९८३ लाखांच्या वर्गणीची कटु आठवण होती, आणि नलिनी रंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीचे काम होते. परंतु मध्यवर्ती सरकारने आपल्या मर्जीने वाटून द्यायचे, ही १८७० पासूनची रीत मोडून वाटपाचा हक्क घटनेत लिहिला गेला. आणि त्या रीतीचे दोष पंचवीस वर्षे आधी ज्याने सरकारी आकड्यांतून सिद्ध केले होते, तोच मसुदा समितीच्या खुर्चीत होता. के. सी. नियोगी यांच्या पहिल्या आयोगाने, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख असताना, प्राप्तिकराच्या वाटणीयोग्य उत्पन्नातील ५५ टक्के हिस्सा राज्यांना द्यावा असे सुचविले. तो हिस्सा राज्याराज्यांत वाटताना ८० टक्के लोकसंख्येवर आणि २० टक्के वसुलीवर. मुंबई राज्याला हे रुचणारे नव्हते. कर मुंबईत गोळा होतो, मग वाटा मुंबईला का नाही, हा तिचा युक्तिवाद. त्यावरचे उत्तर सेलिग्मन यांच्या पहिल्या ग्रंथातच आहे: कर मुंबईच्या कचेरीत भरला गेला, एवढ्यावरून तो मुंबईनेच सोसला असे ठरत नाही.

३१ डिसेंबर २०२३ रोजी सोळावा वित्त आयोग स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष अरविंद पनगढिया हे कोलंबिया विद्यापीठातीलच अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत.